व्हिटॅमिन ई ‘हाय’ आलं, शेंगदाणे बंद करू का?

प्रश्न : मिस्टरांचं वय 54. आदल्या रात्री पुतण्याच्या हळदीत जेवण झालं आणि सकाळी चहा-खारी खाऊन त्यांनी गावातल्या शिबिरात तपासणीसाठी रक्त दिलं. रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन ई 21 आलंय, पुढे ‘हाय’ लिहिलंय. कोलेस्टेरॉल 290, ट्रायग्लिसराइड 410. गोळी एकही चालू नाही. सासूबाई म्हणतात, वांग्याच्या भरतातले शेंगदाणे बंद कर. पायाला मुंग्याही येतात. काय करू?
– एक भगिनी, चोपडा

उत्तर : ताई, शेंगदाणे बंद करू नका. 100 ग्रॅम दाण्यांत जेमतेम 8 मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई असतं. भरतात मूठभर पडतात, त्यातून यांच्या वाट्याला किती येणार? सरकीच्या तेलात याहून कितीतरी जास्त असतं आणि आपल्याकडे ते वर्षानुवर्षं खाल्लं जातं. नुसत्या खाण्यातून हे व्हिटॅमिन अंगात जास्त झालंय, असा पेशंट मी पाहिलेला नाही.

मग 21 कसं आलं? हे व्हिटॅमिन पाण्यात विरघळत नाही. रक्तातल्या चरबीच्या कणांवर बसूनच ते फिरतं. रावेरहून केळीच्या जास्त गाड्या निघाल्या की बाजारात केळी जास्त दिसते, तसंच हे. यांच्या रक्तात गाड्याच जास्त आहेत. म्हणून नुसता आकडा वाचायचा नाही, त्याला चरबीने भागायचं. कोलेस्टेरॉल 290 आणि ट्रायग्लिसराइड 410 मिळून डेसिलिटरला 700 मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला 7 ग्रॅम. व्हिटॅमिन ई लिटरला 21 मिलिग्रॅम; 21 भागिले 7, चरबीच्या ग्रॅममागे 3 मिलिग्रॅम. हा भागाकार 0.8 च्या खाली गेला, तर कमतरता समजतात. तिथून हे फार लांब आहेत.

लग्नसराईत असे नमुने माझ्याकडे नेहमी येतात. नळी स्टँडला लावली की वरचा पिवळा भाग पारदर्शक राहत नाही, पातळ ताकासारखा पांढुरका दिसतो. ती ट्रायग्लिसराइडची चरबी. मला काळजी 21 ची नाही, 410 ची आहे. पाचशेच्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढत जातो. खाऊन रक्त दिलं की हा आकडा जास्त येतो, म्हणून रात्री आठला साधं जेवून, सकाळी निव्वळ पाण्यावर जाऊन लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, पुन्हा करा. व्हिटॅमिन ई पुन्हा करायला पैसे घालवू नका.

मुंग्यांचं वेगळं आहे. व्हिटॅमिन ईच्या कमतरतेनेही नसा बिघडतात, तोल जातो. पण ती कमतरता मुख्यतः चरबी पचतच नाही अशा आजारांत होते, जसं जुनाट कावीळ किंवा स्वादुपिंडाचं दुखणं. यांचं तसं दिसत नाही. या वयात आधी साखर आणि बी-12 बघायचं. त्याच सुईत उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि बी-12 करून घ्या.

आणि एक कळकळीचं. मुंग्यांवर कुणी व्हिटॅमिन ईची 400 ची कॅप्सूल सुचवली, तर घेऊ देऊ नका. हृदयाची झडप बदललेल्या एका काकांनी रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ती महिनाभर घेतली आणि दात घासताना हिरड्यांतलं रक्त थांबेना, तेव्हा माझ्याकडे आले. यांना सध्या एकही गोळी चालू नाही, पण पुढे अशी काही सुरू झाली, तर पत्रात तिचं नाव नक्की लिहा.