प्रयोग चुकला, हुकला की मुकला?

प्रश्न असा आहे. नाटकवेड्यांच्या गप्पांत एकाने सांगितलं, "रविवारचं 'सौभद्र' मिस झालं, आता फार मिस करतोय." त्यावर एका ताईंनी विचारलंय : 'मिस होणे'ला मराठीत काय म्हणायचं? 'प्रयोग चुकला' म्हटलं तर नटांनी काही घोळ घातला असं नाही का वाटत? आणि जाता जाता, संगीत नाटकाला 'म्युझिकल' आणि सिनेमाच्या पार्श्वसंगीताला 'स्कोअर' म्हणायला हरकत आहे का?

नाही वाटत. 'माझी गाडी चुकली' असं आपण रोज म्हणतो, तेव्हा मोटरमनने काही घोळ घातला असं कोणाच्या मनातही येत नाही. 'माझा' आणि 'चुकला' शेजारी आले की अर्थ पक्का होतो : गोष्ट तिच्या वेळेला झाली, आपण तिथे नव्हतो. नटांनी घोळ घातला तर त्यासाठी वेगळे शब्द आहेत. प्रयोग फसतो, पडतो, रंगत नाही. नटाची वाक्यं जातात, गायकाचा सूर लागत नाही. आख्खा प्रयोग 'चुकला' असं नाटकवाला कधी म्हणत नाही. ताईंची शंका शाळेतल्या लाल शाईमुळे आलेली आहे. 'चूक' म्हणजे अपराध हा अर्थ तिथे इतका गिरवला जातो की 'चुकणे'चा मूळचा, निरपराध अर्थ विसरायला होतो. वाट चुकते तिथे कुणाचा गुन्हा असतो? चुकला फकीर मशिदीत सापडतो, तो काय परीक्षेत नापास झालेला असतो?

मला राग येतो तो 'मिस'चा नाही, त्याच्या जोडीला येणाऱ्या 'केला'चा. "मी पहिला अंक मिस केला." मिस 'केला'? म्हणजे ठरवून? कर्तरी-कर्मणी राहू द्या बाजूला, साधी गोष्ट बघा. पार्किंग मिळालं नाही, दारं बंद झाली, नांदी संपली. यात या गृहस्थांनी 'केलं' ते काय? मराठी इथे फार नेमकी आहे. आपोआप घडलं तर 'चुकलं', मुद्दाम केलं तर 'चुकवलं'. नजर चुकवतात, घाव चुकवतात, सावकाराला चुकवतात. म्हणून 'मी प्रयोग चुकवला' याचा अर्थ एवढाच होतो की तिकीट खिशात असून तुम्ही गेला नाहीत, कारण नाटककार तुमचा मेहुणा आहे. उलट 'ते एकही प्रयोग चुकवत नाहीत' हे वाक्य बिनचूक आहे, कारण तिथे निश्चय आहे. 12 मार्च 1911 ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, तरी ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. त्यांनी प्रयोग चुकवला नाही. या वाक्यात 'मिस केला नाही' घालून बघा, सगळा कणाच निघून जातो.

(याच हिशेबाने जाहिरातीतलं 'चुकवू नका!' गमतीचं आहे. प्रेक्षक टाळाटाळ करणार हे निर्मात्याने आधीच धरून चाललेलं असतं.)

दुसरा 'मिस', म्हणजे 'फार मिस करतोय', त्यालाही हाच धातू पुरतो आणि ते कुणी लक्षातच घेत नाही. घरातलं माणूस परगावी गेलं की आपल्याला 'चुकल्याचुकल्यासारखं' वाटतं. इंग्रजीतल्या मिसचे दोन्ही अर्थ मराठीच्या एका चुकण्यात आयते बसलेले असताना आपण उसनवारीला जातो. प्रयोग चुकल्यावर जी सूक्ष्म टोचणी दोन दिवस राहते, तिला 'चुटपूट' म्हणतात. इतका सुंदर शब्द अडगळीत पडलाय. चुकचुकणे मात्र यात ओढू नका. ती पाल आहे, तिचा आवाज आहे. या घराण्याशी तिचं नातं नाही.

आता खऱ्या मजेकडे येऊ. 'चुकणे' कुठून आला? 'च्युत'वरून, असं छातीठोक सांगणारे विद्वान आहेत. स्थानभ्रष्ट तो च्युत, म्हणून चुकला. ऐकायला छान. पण 'च्युत'मधल्या 'त'चा 'क्क' कुठल्या वाटेने झाला, हे विचारलं की मंडळी दुसऱ्या विषयाकडे वळतात. प्रत्येक मराठी शब्दाला संस्कृतातला बाप शोधून दिलाच पाहिजे, नाहीतर तो अनाथ राहील, या हट्टातून असली वंशावळ तयार होते. बाराव्या शतकातले हेमचंद्र या बाबतीत आपल्या आजच्या कोशवाल्यांपेक्षा प्रामाणिक होते. त्यांनी प्राकृताचं व्याकरण लिहिताना एक सूत्र दिलंय : 'भ्रंशेः फिड-फिट्ट-फुड-फुट्ट-चुक्क-भुल्लाः'. म्हणजे संस्कृतात जिथे 'भ्रंश्', निसटणं, गळून पडणं, तिथे प्राकृत बोलणारे लोक हे सहा धातू वापरतात. 'चुक्क' हा 'च्युत'चा अपभ्रंश आहे वगैरे ते म्हणत नाहीत. लोक असं बोलतात, एवढंच नोंदवतात.

पण त्या सहांची यादी पुन्हा वाचा. चुक्क म्हणजे आपलं चुकणं. भुल्ल म्हणजे भुलणं. आणि फिट्ट? फिटणं! डोळ्यांचं पारणं फिटतं ते. म्हणजे प्रयोग चुकणारा आणि प्रयोग बघून पारणं फिटलेला, हे दोघे हेमचंद्रांच्या एकाच ओळीत बसलेत. एकाच्या हातून प्रयोग निसटला, दुसऱ्याचा उपास सुटला. निसटणं तेच.

इथे माझा एक लाडका तर्क आहे. पटला तर घ्या. मराठीत कर्ज फिटतं, आणि हिशेब चुकता होतो. हिंदीत कर्ज 'चुकाते हैं'. म्हणजे हेमचंद्रांच्या त्या यादीतले दोन धातू शेजारशेजारच्या भाषांत नेमके सावकाराच्या पेढीवर जाऊन बसले. का? कारण देणं हे मानेवरचं ओझं. ते दिलं की गळून पडतं. निसटणं, सुटणं, फिटणं, चुकणं यांचा गाभा एकच, फक्त ज्याचं ओझं त्याला ते गोड, ज्याची चीज त्याला कडू. 'चुकता करणे' आपल्याकडे हिंदीच्या वाऱ्याने आलं असेल, बिघडलं नाही. 'फिटणे' तर अस्सल आपलं आहे. यातून झालेला घोटाळा मात्र भन्नाट आहे. हिंदीत 'कर चुकाना' म्हणजे इमानाने कर भरणं. मराठीत 'कर चुकवणे' म्हणजे तो बुडवणं. सरकारी जाहिरातींचं हिंदीतून मराठी करणाऱ्यांनी एवढं वाक्य चष्मा लावून तपासावं, नाहीतर शासनच नागरिकांना कर बुडवण्याचं आवाहन करून बसायचं.

'हुकणे'बद्दल ताईंनी विचारलेलं नाही, पण सांगतो, कारण हा शब्द क्रिकेटच्या हुक फटक्यावरून आला असं एका गृहस्थांनी मला अगदी गंभीरपणे ऐकवलं होतं. फटका हुकला म्हणून हुक! मग पारध्याचा नेम हुकतो तोही शॉर्ट पिच चेंडूवरच की काय? हुकण्यात लक्ष्य लागतं आणि अंतर थोडं लागतं. शतक हुकतं ते नव्वदीत. शून्यावर बाद झालेल्याचं शतक हुकत नाही. तुम्ही रांगेत उभे होता, खिडकीवर पोचायला चार माणसं राहिली आणि 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागली, तर प्रयोग हुकला. घरी झोपून राहिलात तर चुकला. 

आणि आता ज्या शब्दासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, तो : 'मुकणे'.

'त्या प्रयोगाला मुकलो.' पुन्हा मिळणार नाही अशा गोष्टीलाच माणूस मुकतो. जिवाला मुकतो, डोळ्याला मुकतो, आईच्या मायेला मुकतो. पुढच्या रविवारी परत असलेल्या प्रयोगाला कोणी मुकत नाही. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. एकीकडे गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी, दुसरीकडे ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन मालक एका रंगमंचावर! त्या रात्री ज्याला तिकीट मिळालं नाही त्याचा प्रयोग हुकला, असं दुसऱ्या दिवशी म्हणता आलं असतं. 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. तेव्हापासून तो माणूस त्या प्रयोगाला मुकला. क्रियापद बदललं ते तारखेमुळे.

या शब्दाचं मूळ ऐका. 'मुक्त'. होय, तोच. प्राकृतात 'मुक्त'ची दोन रूपं झाली, 'मुत्त' आणि 'मुक्क'. हेही हेमचंद्रच सांगतात. त्या 'मुक्क'वरून आपलं मुकणं. म्हणजे 'मोक्ष' आणि 'मुकणे' हे सख्खे चुलत भाऊ. संसारातून सुटला तो मुक्त झाला, आणि ज्याच्या हातून संसार सुटला तो त्याला मुकला. पंजाबीत हाच शब्द 'मुक्कणा' होऊन नुसता 'संपणे' या अर्थावर थांबला. तिथे गोष्ट मुकते. मराठीत माणूस मुकतो. हा फरक मला फार मोठा वाटतो. 'मुक्क' सांगणारं हेमचंद्रांचं सूत्रही मजेदार आहे, 'शक्तमुक्तदष्टरुग्णमृदुत्वे को वा' : 'शक्त'चं 'सक्क' आणि 'मुक्त'चं 'मुक्क' त्यात शेजारी बसलेत. येऊ शकलो नाही, म्हणून मुकलो. वाक्य बाराव्या शतकात तयारच होतं.

एक ताकीद. 'मी तो प्रयोग मुकलो' असं हल्ली छापूनही येतं. चूक, आणि इथे चूक म्हणजे शाळेतलीच चूक. मुकणे 'ला' मागतं : प्रयोगाला मुकलो. 

सिनेमावाल्यांना 'मुकणे' सहसा लागत नाही. सिनेमाचा असतो 'खेळ'; तीनचा चुकला तर सहाचा, सहाचा चुकला तर नऊचा. नाटकाचा असतो 'प्रयोग'. 'नाटकात काय प्रयोग करतात, विज्ञानाच्या तासाला करतात' अशी कुत्सित कोटी मराठी भाषेवर अधिकारवाणीने बोलणाऱ्या एकांनी व्यासपीठावरून केली होती आणि 'प्रयोग'ऐवजी 'सादरीकरण' सुचवलं होतं. त्यांना कालिदास दाखवावा लागेल. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार म्हणतो, 'आ परितोषाद् विदुषां न साधु मन्ये प्रयोगविज्ञानम्' : जाणकारांचं समाधान होईतो माझं प्रयोगाचं ज्ञान मी खरं मानत नाही. 'मालविकाग्निमित्रा'त तर 'प्रयोगप्रधानं हि नाट्यशास्त्रम्' असं सरळच आहे. परीक्षानळी नंतर आली. हा शब्द रंगमंचाकडे केव्हाचा होता, प्रयोगशाळेने तो मागाहून घेतला. आणि आपलं संगीत नाटक सुरू झालं ते त्याच शाकुंतलापासून, 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हातून. सादरीकरण प्रकल्पाचं होतं, अंदाजपत्रकाचं होतं. 'प्रायोगिक नाटकाचा प्रयोग' म्हणताना जीभ जराशी अडखळते, हे मान्य. ती किंमत मोजू.

'म्युझिकल'चं राहिलंच. अहो, 'संगीत' हे आपल्याकडे नाटकाच्या नावाआधी लावायचं विशेषणच आहे : संगीत सौभद्र, संगीत मानापमान. ज्यात नट स्वतः पदं म्हणतो, ऑर्गन-तबल्याची साथ असते, आणि रसिक 'वन्स मोअर' ओरडतात, ते संगीत नाटक. (वन्स मोअर! साहेब स्वतः अशा वेळी फ्रेंच 'आँकोर' ओरडतो, आणि त्याचं इंग्रजी आपण सांभाळतोय.) त्याला म्युझिकल म्हणू नका, त्यातल्या पदांना 'गाणी' म्हणू नका. पण गाणं भरपूर असलेलं प्रत्येक नाटक संगीत नाटक होत नाही. 1972 चं 'घाशीराम कोतवाल' पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरातालात आहे, भास्कर चंदावरकरांचं संगीत आहे, तरी त्याला कुणी 'संगीत घाशीराम' म्हटलं नाही आणि म्हणूही नये. ब्रेख्तच्या नाटकावरून पुलंनी केलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'ला तुम्ही म्युझिकल म्हणालात तर मी भांडणार नाही.

स्कोअर? वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात बघा. नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. सिनेमाच्या श्रेयनामावलीतही गाण्यांचं 'संगीत' एकाचं आणि 'पार्श्वसंगीत' दुसऱ्याचं असं बरेचदा वेगळं येतं. शब्द आहे, रुळलेला आहे, वापरा. स्कोअर विचारायला क्रिकेट आहे.

तेव्हा त्या रविवारच्या सौभद्राबद्दल तुमच्या मित्राने म्हणावं, 'सौभद्र चुकलं, चुटपूट लागून राहिलीय.' त्यातला गायक नट त्यानंतर निवृत्त झाला असेल तर 'सौभद्राला मुकलो' म्हणावं. आणि प्रयोगच रद्द झाला असेल, तर चुकला नाही, हुकला नाही, मुकायचाही प्रश्न नाही. तिकिटाचे पैसे तेवढे चुकते करून घ्यावेत, चुकवू देऊ नयेत.