वाचकांचे प्रश्न : क जीवनसत्त्वाची गोळी निवडताना

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे आहे. क जीवनसत्त्वाची एक गोळी रोज घ्यावी असे मनात आहे. परंतु औषधांच्या दुकानात १०० पासून १००० मिलिग्रॅमपर्यंतच्या, चघळण्याच्या, पाण्यात फसफसणाऱ्या, ‘आम्लरहित’, ‘नैसर्गिक’ आणि ‘लायपोसोमल’ अशा इतक्या गोळ्या दिसतात की निर्णय होत नाही. मला उच्च रक्तदाब आहे आणि पूर्वी एकदा मुतखडाही झाला होता. अधिक मात्रेची गोळी अधिक गुणकारी असते का?

उत्तर : नसते, आणि आपल्या बाबतीत तर ती टाळावी, असेच मी सुचवीन. क जीवनसत्त्वाच्या काही भागाचे शरीरात ऑक्झलेट होते व ते मूत्रावाटे बाहेर पडते. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच बनलेले असतात. स्वीडनमधील पुरुषांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घकालीन पाहणीत, या जीवनसत्त्वाच्या सुमारे १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळले होते. अशा पाहणीवरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही हे खरे. तरीही ज्याला हा त्रास एकदा होऊन गेला आहे, त्याने ती शंका स्वतःच्या मूत्रपिंडांवर तपासून पाहण्याचे काहीच कारण नाही.

मोठ्या मात्रेचा उपयोग का होत नाही, हेही समजून घ्यावे. आतड्यांतून हे जीवनसत्त्व शोषून घेणाऱ्या वाहक प्रथिनांची क्षमता मर्यादित असते. दिवसाला ३० ते १८० मिलिग्रॅम घेतल्यास त्यातील ७० ते ९० टक्के भाग शोषला जातो. एक ग्रॅमच्या पुढे मात्र हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येते आणि जे शोषले जाते त्यातीलही बराच भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम मिळू लागले की निरोगी माणसाच्या रक्तातील पातळी जवळजवळ कमाल मर्यादेला पोचते. प्रौढांची दैनंदिन गरज अमेरिकी शिफारशींनुसार पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ७५ मिलिग्रॅम, तर धूम्रपान करणाऱ्यांना त्याहून ३५ मिलिग्रॅम अधिक, इतकीच आहे. याच शिफारशींमध्ये २००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा दिलेली असते, तिचा अर्थ पुष्कळजण ‘तितके घ्यावे’ असा करून घेतात. वास्तविक त्या मर्यादेपलीकडे जुलाब आणि पोटदुखी यांची शक्यता वाढते, एवढेच ती सांगते.

प्रकारांविषयी थोडक्यात सांगायचे तर ‘नैसर्गिक’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत. फळातील आणि कारखान्यात तयार झालेले क जीवनसत्त्व, म्हणजेच अॅस्कॉर्बिक आम्ल, हा एकच रेणू आहे आणि शरीर त्यांत भेद करीत नाही. लायपोसोमल, म्हणजे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कुप्यांत बंद केलेल्या, प्रकाराने रक्तातील पातळी काहीशी अधिक वाढत असेलही, परंतु अल्प मात्रा आधीच उत्तम शोषली जात असताना त्या वाढीची सामान्य माणसाला गरज काय, हा प्रश्न उरतोच. ‘आम्लरहित’ गोळीत बहुधा याच आम्लाचा क्षार, म्हणजे सोडियम किंवा कॅल्शियम अॅस्कॉर्बेट, असतो. साध्या गोळीने ज्यांच्या पोटात जळजळ होते त्यांना ती सोयीची वाटते. मात्र १००० मिलिग्रॅम सोडियम अॅस्कॉर्बेटमध्ये सुमारे १११ मिलिग्रॅम सोडियम असते. फसफसणाऱ्या गोळीत खाण्याचा सोडा असल्याने सोडियम त्याहूनही अधिक असू शकते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी ती रोजच्या वापरासाठी निवडू नये. चघळण्याची गोळी चवीला बरी लागते, पण तिच्यातील आम्ल दातांच्या आवरणाला लागत राहते.

या गोळीकडून सर्दी टळावी अशी आपली अपेक्षा असल्यास ती कमी करावी. दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी लायनस पॉलिंग यांनी १९७० च्या सुमारास मोठ्या मात्रेचा जोरदार पुरस्कार केला आणि ती समजूत आजतागायत टिकून आहे. त्यानंतर झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष मात्र असा की, नियमित सेवनाने सर्वसामान्य लोकांत सर्दी होण्याचे प्रमाण घटत नाही. झालेली सर्दी प्रौढांमध्ये सरासरी ८ टक्के लवकर बरी होते, म्हणजे आठवडाभराच्या आजारात अर्धा दिवस वाचतो.

आहारात ताजी फळे व भाज्या पुरेशा असतील, तर आपल्याला गोळीची गरजच नसावी. तरीही घ्यायचीच असेल, तर डॉक्टरांना मुतखड्याची आठवण करून देऊन, साध्या अॅस्कॉर्बिक आम्लाची १०० मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी, तीही गिळण्याची, निवडावी. रोज घेत असलेल्या बहुजीवनसत्त्वाच्या गोळीत हे आधीच आहे का, ते तिच्या वेष्टनावर पाहावे.

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि शरीरात लोह साठण्याचा विकारही आहे. त्यांना ही गोळी चालेल का?

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. हे जीवनसत्त्व अन्नातील लोहाचे शोषण वाढवते. रक्तक्षय झालेल्याला जे उपकारक, तेच आपल्या वडिलांना अपायकारक ठरू शकते. शिवाय मोठ्या मात्रेमुळे काही ग्लुकोमीटर रक्तातील साखर चुकीची दाखवतात, आणि त्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरत असेल तर धोका संभवतो.