सीटी स्कॅन नॉर्मल आलाय, मुलीला रविवारी मॅच खेळू द्यावी का?

तुमची मुलगी बारा वर्षांची. मंगळवारी कबड्डीच्या सरावात पकड करताना कानशिलावर गुडघा बसला. शुद्ध हरपली नाही, सीटी स्कॅनही नॉर्मल. पण डोकं दुखतंय आणि ट्यूबलाइट डोळ्यांना नको वाटतेय. ही कन्कशनची, म्हणजे डोक्याला हिसका बसून मेंदूचं काम बिघडल्याची लक्षणं असू शकतात. रविवारी खेळवू नका.

मी पुण्यात पेठेतल्या एका मैदानावर मुलींना कबड्डी शिकवतो. डॉक्टर नाही. पण ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझी एक चढाईपटू अशीच आपटली. मी तिला नाव विचारलं, तिने बरोबर सांगितलं, मी तोंडावर पाणी मारून परत उतरवली. पाच मिनिटांनी तिने मला विचारलं, "सर, मॅच सुरू झाली का?"

नाव-गाव कोणीही सांगतं. आता मी विचारतो: हे मैदान कुठलं? मध्यंतर झालं का? शेवटचा गुण कोणी घेतला? मागची मॅच कोणाशी होती, जिंकलो का? मग वार उलटे म्हणायला लावतो आणि एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट टेकवत सरळ रेषेत चालवतो. एवढं जमलं म्हणून मात्र पोरगी त्या दिवशी परत मॅटवर जात नाही. लक्षणं कित्येकदा काही तासांनी येतात. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू स्टीव्ह स्मिथला इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू मानेवर लागला. तपासणीत पास होऊन तो पुन्हा फलंदाजीला आला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कन्कशनमुळे सामन्यातून बाहेर काढावं लागलं.

स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं दिसतं. कन्कशनमध्ये मेंदूचं काम बिघडतं, ते त्यात दिसत नाही. बेशुद्धी तर बहुतेकांना येतच नाही. (दुचाकीच्या हेल्मेटनेही कवटी वाचते, आतला हिसका पूर्ण थांबत नाही. पण म्हणून हेल्मेट काढू नका. पुणेकरांना तेवढंच निमित्त पुरतं.)

पहिले एक-दोन दिवस घरातलं हलकंफुलकं काम, थोडं चालणं, मोबाइल कमी. अंधाऱ्या खोलीत कोंडू नका. मग आधी शाळा, नंतर खेळ. हलक्या हालचालीपासून मॅचपर्यंत, खेळाकडे परतायच्या सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीला किमान २४ तास. धक्काबुक्कीच्या सरावाआधी सगळी लक्षणं जायला हवीत आणि डॉक्टरांचा होकार हवा. मंगळवार ते रविवार हे गणित बसतच नाही. मुलांना पूर्ण बरं व्हायला चार आठवडेही लागू शकतात.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट येणं, हातापायात अशक्तपणा, मान दुखणं, उठवूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठा. स्कॅन झालाय म्हणून थांबू नका.

आणि प्रशिक्षकांना फोन तुम्ही स्वतः करा. तिच्यावर सोपवलंत, तर ती "काही नाही सर, बरी आहे" म्हणेल. संघातली जागा जाईल या भीतीने सगळ्याच म्हणतात.