झेड-इंडेक्स ९९९९, तरी मेनू मागेच

प्रश्न : वेबपेजच्या सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) हेडरमधल्या ड्रॉपडाउन मेनूला ‘पोझिशन: अ‍ॅब्सोल्यूट’ आणि ‘झेड-इंडेक्स: ९९९९’ (कोणता घटक वर दिसेल ते ठरवणारा आकडा) दिलं आहे. तरी तो खालच्या बॅनरमागे लपतो. बॅनरची पोझिशन रिलेटिव्ह आहे, त्याचा झेड-इंडेक्स फक्त १. हेडरला ओपॅसिटी (अपारदर्शकता) ०.९५ आहे, बाकी काही नाही.

उत्तर : गोम त्या ०.९५ मध्येच आहे. ओपॅसिटी १ पेक्षा कमी झाली की त्या घटकाचा स्वतंत्र स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट, म्हणजे वर-खाली क्रम लावण्याचा वेगळा गट, तयार होतो. मग मेनूच्या ९९९९ ला किंमत उरते ती हेडरच्या आत. बाहेर बॅनरशी तुलना होते अख्ख्या हेडरची, आणि त्याची पातळी आहे ०. इथे आकडा दहा लाख केला तरी फरक पडणार नाही.

हेडरलाच ‘पोझिशन: रिलेटिव्ह, झेड-इंडेक्स: १०’ द्या. पोझिशन विसरू नका; स्टॅटिक, म्हणजे पोझिशन न दिलेल्या, घटकावर झेड-इंडेक्स लागूच होत नाही (फ्लेक्स आणि ग्रिड मांडणीतले थेट आतले घटक सोडून). पारदर्शकता फक्त पार्श्वभूमीला हवी असेल, तर ओपॅसिटी काढून रंगातच अल्फा (त्या रंगाची पारदर्शकता) द्या. आम्ही हेच सुचवू, कारण त्यात अक्षरं फिकी पडत नाहीत.

ट्रान्सफॉर्म, फिल्टर आणि ‘पोझिशन: फिक्स्ड’ यांनीही असाच कॉन्टेक्स्ट बनतो. म्हणून डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांत) मेनूपासून एकेक पालक घटक (ज्याच्या आत तो आहे तो) तपासत वर जा. मेनू मागे न जाता कडेला सरळ कापला जात असेल, तर मात्र एखाद्या पालकाचं ‘ओव्हरफ्लो: हिडन’ (बाहेर जाणारा भाग लपवणारा नियम) शोधा; तिथे झेड-इंडेक्सचा काही संबंध नाही.