सोलापुरात थंडी पडायच्या आत भाजीबाग झाकावी का? कोणतं प्लास्टिक घ्यावं?

तुम्ही विचारलंय, की घरामागे १० बाय १५ फुटांची जागा आहे, टोमॅटो, वांगी, मिरची आणि मांडवावर दोडका आहे. व्हिडिओत सांगतात की पहिले हिमकण पडायच्या आत सगळं झाकून घ्या आणि हिरवे टोमॅटो उतरवा, तर प्लास्टिक कोणतं आणि कधी टाकू?

प्लास्टिक घेऊ नका. ते व्हिडिओ जिथले आहेत तिथे ऑक्टोबरात एका रात्रीत टोमॅटोचं झाड काळं पडतं. आपल्याकडे दवबिंदू गोठल्याची बातमी येते ती महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाची. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री साधारण १५-१६ अंश असतात, लाट आली तर १० च्या आसपास, आणि दुपारी पुन्हा २९-३०. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेला स्वेटर घालून गेलेला माणूस दुपारी तो कमरेला बांधून फिरतो, ही आपली थंडी. हवामान खातंसुद्धा सपाटीवर थंडीची लाट केव्हा म्हणतं? किमान तापमान १० किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल तेव्हा. त्या आकड्यालाही पान गोठत नाही.

आमचे साडू नाशिक जिल्ह्यातल्या निफाडकडचे, द्राक्षवाले. त्यांच्याकडे काही वर्षी पारा ५ च्याही खाली जातो, त्यामुळे थंडीचं त्यांना कळतं, हे मान्य. पण निफाडचं गणित ते सोलापूरच्या परसात मांडतात, तिथे आमचं वाजतं. एका थंडीत सोलापुरातल्या सासुरवाडीच्या परसात त्यांनी दोडक्याचा मांडव आणि खालचे टोमॅटो जाड पारदर्शक पॉलिथिनने चहूबाजूंनी बंद केले, कडांवर विटा ठेवल्या. पहाटे उघडून पाहिलं तर आतून पाणी निथळतंय. ते खूश, "बघा, ऊब धरलीय". ऊब नव्हे, तो दमटपणा. अकरा वाजता आतला पारा चाळिशीच्या वर. जी पानं प्लास्टिकला टेकली होती ती उकडल्यासारखी झाली, राहिली त्यांच्यावर आठवड्याभरात करपा, म्हणजे पानं करपवणारा बुरशीचा रोग. दोडक्याची मादी फुलं उमलून तशीच गळाली, कारण आत मधमाशी शिरायला फटच नाही. एवढं होऊनही आजतागायत ते म्हणतात, थंडीनेच गेलं!

आता त्यात चूक कुठे होती ते नीट समजून घ्या, म्हणजे कापड घेताना फसणार नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकतात, म्हणून पान हवेपेक्षा गार होतं. आवरणाचं काम ही फेकाफेक अडवणं. साधं पातळ पॉलिथिन ही उष्णता जवळजवळ आरपार जाऊ देतं. आतून पाण्याचे थेंब धरले तरच थोडी अडते. म्हणजे रात्री फायदा नाममात्र आणि दिवसा भट्टी. शेकोटीच्या धुराचंही तेच. धुराचे कण इतके बारीक असतात की ते ही उष्णता अडवू शकत नाहीत. शेतात ओळीने शेकोट्या पेटवल्या तर आगीच्या उबेने थोडा फरक पडतो, पण परसात पालापाचोळा जाळून शेजारणीच्या वाळवणावर काजळी बसण्यापलीकडे काही होत नाही.

झाकायचंच असेल तर क्रॉप कव्हर घ्या, १७ जीएसएमचं (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं) पांढरं न विणलेलं कापड. कलिंगडवाले आणि सांगोल्याकडचे डाळिंबवाले वापरतात तेच. शेतीच्या दुकानात मीटरवर मिळतं का विचारा, पूर्ण रोलची तुम्हाला गरज नाही. पाणी आणि हवा त्यातून जाते, रात्री एक ते तीन अंश राखतं. वाफा ३ फूट रुंद असेल तर अर्ध्या इंची पाइपच्या किंवा बांबूच्या कामट्यांच्या कमानी दर ४ फुटांवर रोवा, मधली उंची दीड-दोन फूट ठेवा, कापड वरून सैल सोडा आणि कडा मातीने दाबा. वाऱ्याने कडा उघडी पडली की ऊब गेली. पण सोलापुरात याचा खरा उपयोग थंडीसाठी नाहीच. टोमॅटो-मिरचीच्या कोवळ्या रोपांवर पांढरी माशी बसते आणि पानं गोळा करणारा व्हायरस सोडून जाते, फुलकिडे पानांचा रस शोषतात, त्यांना हे कापड अडवतं. लागणीच्या दिवसापासून फुलं दिसेपर्यंत ठेवा, मग काढा. वेलवर्गीय भाजीवर पहिलं मादी फूल दिसलं की त्याच सकाळी काढायचं.

तुमच्या परसाला थंडीपेक्षा जास्त नडेल ती सावली, आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ४९ अंशांवर असतो. १० फुटी भिंतीची सावली तेव्हा उत्तरेकडे पावणेनऊ फुटांच्या आसपास पडते. घर दक्षिणेला आणि परस उत्तरेला असेल तर पावसाळ्यात लख्ख असलेला वाफा थंडीत बहुतेक वेळ सावलीत राहतो. मग लोक म्हणतात थंडीने वांगं खुंटलं. ऑक्टोबरातच बघा, भिंतीपासून मोजा आणि सावलीच्या पट्ट्यात पालक, मेथी, कोथिंबीर टाका, त्यांना तीन-चार तासांचं ऊन पुरतं. टोमॅटो, मिरची, वांगी उरलेल्या उन्हाच्या पट्ट्यात. जागा इतकी थोडी असेल तर परसाच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून फळभाजी लावायचीच नाही.

हिरवे टोमॅटो उतरवायची घाई नको. रात्री १३ च्या खाली गेलं की टोमॅटोचा परागकण नीट काम करत नाही, फूल गळतं किंवा फळ वेडंवाकडं, चिरा पडलेलं येतं. पण आधीच धरलेलं फळ वाढत राहतं, फक्त रंग सावकाश चढतो. बुडाला फिका गुलाबी रंग दिसला की काढून घरात ठेवा, चवीत फार फरक पडत नाही. म्हणून खरी तयारी रोपाच्या वयाची: सप्टेंबरात रोपं टाकलेली असतील तर नोव्हेंबरात, थंडी बसायच्या आत, पहिले घोस धरलेले असतात. नोव्हेंबरात रोपं आणून लावाल तर ऐन थंडीत फुलं येतील. सकाळी दहा-अकराला फुलांचा घोस बोटाने टिचकी मारून हलवा, गार दिवसांत तेवढ्यानेही फळधारणा सुधारते.

मिरची आणि वांगी १५ च्या खाली नुसती थांबतात. त्यांना तेव्हा युरिया देऊ नका, गार मातीत मुळं उचलत नाहीत, आणि ऊन वाढलं की तोच नत्र एकदम लागून मावा बोलावतो. कोवळ्या टोमॅटोची पानं खालून जांभळी दिसली तर स्फुरद कमी म्हणून डीएपी (स्फुरदाचं रासायनिक खत) टाकायला धावू नका. माती गार असल्याने ते मिळत नाहीये, आठवडाभर ऊन लागलं की रंग जातो. शेणखत घालायचं ते ऑक्टोबरातच. संक्रांत झाली की वांगी-मिरची जमिनीपासून फूट-दीड फुटावर छाटून खोडवा धरा, उन्हाळ्यात पुन्हा फळ येतं. दोडका, काकडी, भेंडी यांचं बी डिसेंबरात मातीत घालू नका, कुजतं. जानेवारीच्या मध्यानंतर पिशवीत रोप करा.

उलट, जे आता लावायचं ते लोक विसरतात. लसूण ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, पाकळ्या टोक वर करून ४ इंचांवर. वाटाणा, गाजर, मुळा, बीट, कोबी, फुलकोबी यांना हीच हवा लागते. धने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, नाहीतर गार मातीत तीन आठवडे वाट बघावी लागते. मेथी आणि कोथिंबीर दर १५ दिवसांनी एकेक ओळ.

पाण्याबद्दल साडूंशी दुसरा वाद. त्यांचं म्हणणं, रात्री पाणी द्यावं. बोअरचं पाणी थेट येत असेल तर ते पंचवीस अंशांच्या आसपास असतं आणि द्राक्षबागेत त्याचा उपयोग होतो, खरं आहे. पण शहरात ते गच्चीवरच्या टाकीतून येतं आणि पहाटे टाकीतलं पाणी हवेइतकंच गार झालेलं असतं. सकाळी दहाच्या पुढे, बुडाशी, पानं न भिजवता द्या. ओली माती दिवसभर ऊन साठवते आणि रात्री सोडते, कोरडी भेगाळलेली काळी माती तसं करत नाही. आणि आच्छादन! सगळे सांगतात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पसरा. थंडीत पाचट मातीला ऊन लागू देत नाही आणि रात्री मातीची ऊब वरच्या झाडाला मिळू देत नाही, झाड जास्त गारठतं. पाचटाचा दोन-तीन इंची थर फेब्रुवारीत टाका, तेव्हा त्याची गरज असते. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आत्ताच हवा असेल तर पातळ टाका आणि बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा.

संध्याकाळी पान ओलं राहिलं तर करपा आणि केवडा हे बुरशीचे रोग. दिवसा कोरडं-उबदार आणि रात्री गार अशी हवा राहिली तर भुरी, म्हणजे पानावरची पांढरी बुरशी, ती वाटाण्यावर आणि वेलांवर आधी दिसते. पांढरा ठिपका दिसताच ते पान काढा. एक भाग दूध नऊ भाग पाणी भर उन्हात फवारा, सुरुवातीला पुरतं. पसरली तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. पारा ३२ च्या वर असताना किंवा निंबोळी तेल मारल्यावर १५ दिवसांच्या आत गंधक मारलं तर पान जळतं. काकडीवर्गातल्या काही जातींना ते सोसत नाही म्हणून आधी एका पानावर बघा.

एक राहिलं. हे सगळं वस्तीतल्या परसाचं झालं. तुमचं घर गावाबाहेर, नाल्याकाठच्या सखल शिवारात असेल तर गार हवा तिथे साचते आणि शहराच्या आकड्यापेक्षा पारा तीन-चार अंशांनी खाली असू शकतो. उघड्या गच्चीवरच्या कुंड्याही रात्री लवकर गार होतात, त्या भिंतीलगत सरकवा. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर असतो, तुमची मेथी वीतभर उंचीवर. साधा तापमापक फूटभर उंचीवर टांगा आणि पहाटे साडेसहाला वाचा. ८ च्या खाली दिसायला लागलं तर संध्याकाळी पाचला, माती उबदार असतानाच, टोमॅटो आणि वेलांवर क्रॉप कव्हर ओढा आणि सकाळी नऊला उचला. कोबी, गाजर, पालक तसेच उघडे राहू द्या.