संगणक-शंका : पतसंस्थेच्या सर्व्हरसाठी रेड ५ की रेड १०?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरमध्ये ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ पद्धतीने जोडलेल्या आहेत. संध्याकाळी पिग्मीच्या नोंदी सुरू झाल्या की सर्व्हर अतिशय मंदावतो. गेल्या महिन्यात एक डिस्क बिघडली. काम थांबले नाही, पण नव्या डिस्कवर माहिती पुन्हा तयार होण्यास दीड दिवस लागला. काय सुधारणा करावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ पॅरिटीमध्ये, म्हणजे हरवलेली माहिती परत मिळवण्यासाठी ठेवलेल्या ताळ्यामध्ये आहे. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून वेग आणि विश्वासार्हता मिळवण्याची ‘रेड’ ही कल्पना १९८८ मध्ये बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडली. रेड ५ मध्ये माहितीचे तुकडे वेगवेगळ्या डिस्कवर जातात आणि त्यांचा ताळा आणखी एका डिस्कवर राहतो. ५, ३ आणि ८ यांची बेरीज १६ लिहून ठेवली, तर ३ पुसला गेला तरी तो उरलेल्या आकड्यांवरून काढता येतो. पॅरिटीचे गणित बेरजेहून वेगळे असले तरी तत्त्व हेच आहे.

परंतु एक आकडा बदलला की ताळाही बदलावा लागतो, त्यामुळे प्रत्येक लहान नोंदीसाठी जुनी माहिती व जुनी पॅरिटी वाचणे आणि दोन्ही नव्याने लिहिणे अशी चार कामे डिस्कवर पडतात. पिग्मीच्या नोंदी नेमक्या अशाच, लहान आणि असंख्य असतात. शिवाय बिघडलेली डिस्क पुन्हा उभी करताना उरलेल्या तिन्ही डिस्क, म्हणजे १२ टीबी, पूर्ण वाचाव्या लागतात आणि त्या काळात दुसरी डिस्क गेली तर सर्वच माहिती जाते. तुमचा तो दीड दिवस मला मंद सर्व्हरपेक्षा अधिक काळजीचा वाटतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला रेड १० चा आहे. त्यात डिस्कच्या दोन जोड्या होतात आणि जोडीतील दोन्ही डिस्कवर एकच माहिती असते. लहान नोंदीसाठी दोनच वेळा लिहावे लागते, तर नवी डिस्क केवळ तिच्या जोडीदारावरून भरली जाते. उपयोगाची जागा १२ वरून ८ टीबीवर येईल, पण हा व्यवहार परवडणारा आहे. रेड ६ मध्ये कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी माहिती राहते, मात्र लहान नोंदीमागे सहा कामे पडत असल्याने तुमची संध्याकाळ आणखी मंदावेल.

हा बदल करताना डिस्क सहसा पुसाव्या लागतात, तेव्हा आधी पूर्ण बॅकअप घ्यावा. रेडमुळे बॅकअपची गरज संपत नाही, कारण चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. बॅकअपची एक प्रत कार्यालयाबाहेर ठेवावी आणि दर तिमाहीत ती दुसऱ्या संगणकावर उतरवून त्या दिवसाची अखेरची शिल्लक रोजकीर्दीशी जुळते का, हे पाहावे.