नोकरी सांभाळून सप्लाय चेनचं ऑनलाइन एमबीए करावं का? कंपन्या ते मानतात का?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं परचेसमध्ये आहात, वय ३२, पदवी कॉमर्सची, गणिताची थोडी धास्ती, फीचा प्रश्न आहेच, आणि ऑफिसातले जुने लोक म्हणतात की ऑनलाइन एमबीएला कुणी हिंग लावून विचारत नाही. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही.

करा. नोकरी चालू असेल तर करा. नोकरी नसेल तर करू नका, त्याचं कारण पुढे येईल.

मी स्टोअरमधला माणूस. नऊ वर्षं इन्वर्ड (आलेला माल आत घेणं), जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि सायकल काउंट (थोड्या थोड्या मालाची फेरमोजणी) यांत काढली आणि २०१७ मध्ये ऑनलाइन एमबीएला नाव घातलं. आमचे स्टोअर-हेड साहेब तळापासून वर आलेले. हातात घेऊन वजन सांगायचे आणि काटा तेच दाखवायचा. त्यांना माझ्या ॲडमिशनचं कळलं तेव्हा गेटवर एक गाडी रिकामी होत होती. हातातल्या मालाच्या चलनावरची (डिलिव्हरीच्या कागदावरची) नजर न काढता म्हणाले, "मोबाइलवर बघून पोहायला येतं का रे?" शेजारचे दोघं हसले. मीही हसलो, काय करणार.

साहेबांचा एकच नियम होता, प्रत्येक आयटमचा दोन महिन्यांचा माल हवा. कारणही ते उघड सांगायचे. "लाइन थांबली तर मान माझी जाते. स्टॉक वाढला तर कुणाचीच जात नाही." हे वाक्य मी पुढे एका पेपरात नाव न घेता लिहिलं, आणि मार्क मिळाले.

दुसऱ्या सत्रात इन्व्हेंटरी आली. सेफ्टी स्टॉकच्या, म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवायच्या जादा मालाच्या, आठवड्याचे व्हिडिओ दोन भागांत होते. मी पहिला भाग रात्री दीडपट वेगानं बघितला, क्विझ दिली, दहापैकी आठ आले. दुसरा भाग रविवारी बघू म्हटलं आणि तो रविवार काही आला नाही. क्विझच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साहेबांकडे गेलो, म्हटलं एक आयटम माझ्या पद्धतीनं चालवू द्या. त्यांनी पंपाच्या असेंब्लीला लागणारं रबरी सील दिलं. "घे, कर काय करायचं ते."

सील रोज सरासरी ४० लागायचं, वरखाली १०, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन १०. लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा काळ, १६ दिवस. सूत्र सोपं आहे : मागणीचा सिग्मा (तेच स्टँडर्ड डेव्हिएशन) गुणिले लीड टाइमचं वर्गमूळ गुणिले झेड. झेड ठरतो तो किती टक्के फेऱ्यांत माल पुरायला हवा त्यावरून, ९५ टक्क्यांना १.६५. आले ६६ नग. सोळा दिवसांची मागणी ६४०, त्यात हे ६६ मिळवले की ७०६. स्टॉक ७०६ वर आला की पुढची पीओ (खरेदीची ऑर्डर) सोडायची, दर वेळी ८०० नग. जिथे दोन हजार नग पडून असायचे तिथे सरासरी पाचशेच्या आत आलो. रॅकचे दोन कप्पे रिकामे झाले. प्लांट-हेड फेरीवर आले तेव्हा त्यांनी थांबून विचारलं, इथलं सामान कुठे गेलं? ते ऐकायला साहेब जवळ असावेत असं फार वाटलं होतं.

तीन फेऱ्या झकास गेल्या. चौथ्या वेळी पुरवठादाराचा साचा दुरुस्तीला गेला. खेप सोळाव्या दिवशी आली नाही, सतराव्या दिवशीही नाही. अठराव्या दिवशी दुपारच्या आत लाइनचा सुपरवायझर खाली आला. हातात सीलचा निळा बिन, म्हणजे डबा. तो त्यानं माझ्या टेबलावर उपडा ठेवला आणि एक शब्द न बोलता परत गेला. एक सील आत अडकलं होतं, ते टेबलावर गोल फिरत फिरत थांबलं. माल बाविसाव्या दिवशी आला. तोवर लाइन बंद.

मीटिंगमध्ये साहेब एवढंच म्हणाले, "हे बघा, ऑनलाइन डिग्री."

त्या रात्री तो दुसरा भाग बघितला. सुरुवातच अशी होती की आतापर्यंत आपण लीड टाइम पक्का धरला, आता तो हलतो असं धरू. पुरवठादार किती दिवसांत माल देतो याचाही सिग्मा असतो, आणि तो मागणीच्या सिग्मासोबत वर्गमुळाखाली जातो. म्हणजे लीड टाइम गुणिले मागणीच्या सिग्माचा वर्ग, अधिक सरासरी मागणीचा वर्ग गुणिले लीड टाइमच्या सिग्माचा वर्ग. दुसऱ्या दिवशी मागच्या पंधरा खेपांचे जीआरएन काढले. सरासरी १६ दिवस बरोबर होती, पण सिग्मा ५ दिवसांचा. आकडे घातले तर पहिला भाग १,६००, दुसरा ४०,०००. मी जो हिशेब केला होता तो चिल्लर निघाला, आणि सोडला होता तोच बंदा रुपया. सेफ्टी स्टॉक ६६ नव्हे, ३३७ हवा होता. रीऑर्डर पॉइंट (ज्या आकड्याला पीओ सोडायची तो) ७०६ नव्हे, ९७७, म्हणजे चोवीस दिवसांची बेगमी. बाविसाव्या दिवशी आलेल्या खेपेला लाइन थांबलीच नसती.

आणि हे जीआरएन कुणी भरले होते? मीच. नऊ वर्षं तारखा लिहीत होतो आणि शीटमध्ये १६ हा आकडा दगडावरची रेघ असल्यासारखा टाकला होता.

मी तो कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, मग म्हणाले, "म्हणजे माझंच बरोबर. माल जास्त ठेवायचा." इथे आमचं जे जुंपलं ते आजतागायत मिटलेलं नाही. कारण त्यांचा नियम दोन हजारांचा, माझा नवा हिशेब सरासरी साडेसातशेच्याही आतला. शिवाय त्यांच्या नियमात दोन दिवसांत येणाऱ्या बोल्टलाही दोन महिने आणि दहा आठवडे लागणाऱ्या बेअरिंगलाही दोनच महिने. बेअरिंगपायी लाइन त्यांच्या काळातही थांबायची. फक्त तेव्हा दोष पुरवठादाराचा असायचा, डिग्रीचा नाही. पीओ ८०० ची की १,००० ची यावरही आम्ही दोन आठवडे डोकं फोडलं. ईओक्यूचं, म्हणजे एका वेळी किती मागवणं स्वस्त पडतं त्याचं, सूत्र १९१३ पासून आहे आणि ते फार सोशिक आहे. योग्य आकडा ८०० असताना हजार मागवले तर ऑर्डरिंग आणि साठवणुकीचा एकत्र खर्च जेमतेम अडीच टक्क्यांनी वाढतो. दुप्पट मागवले तरी २५ टक्के. भांडण तिथे नव्हतंच.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो. ऑनलाइनचा खरा फायदा हा आहे. रात्री शिकलेलं सकाळी स्वतःच्या आकड्यांवर लावता येतं आणि चूक झाली तर बिन टेबलावर येऊन आदळतो. वर्गात बसणाऱ्याला केस स्टडीमध्ये सिग्मा छापून मिळतो. तुमच्याकडे परचेसमधल्या सहा वर्षांच्या पीओ आहेत, कोण किती उशीर करतो हे तुम्हाला नावानिशी पाठ असेल. हा डेटा कुठल्याही कॅम्पसच्या लायब्ररीत मिळत नाही. म्हणूनच नोकरी नसलेल्यानं ऑनलाइनच्या वाटेला जाऊ नये. त्यानं पूर्णवेळ करावं. त्याला कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या हव्यात, सोबत शिकणारे हवेत, त्या दोन्ही गोष्टी स्क्रीनवर पातळ होतात.

अगदीच नसतात असं नाही. आम्हाला बिअर गेम ऑनलाइन खेळवला. १९६० च्या सुमाराचा अमेरिकेतल्या एमआयटीतला जुना खेळ आहे : रिटेलर, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर, कारखाना अशी चार माणसं, एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डर पुढे द्यायची, माल काही आठवडे उशिरा येणार. आमचे चौघे चार टाइम झोनमध्ये. मी होलसेलर. ऑर्डर वाढली, माल येईना, मी घाबरून चाळीस क्रेट मागवले, मग अजून चाळीस. शेवटी ते सगळे एकदम आले आणि मी मालात गाडला गेलो. त्या अनोळखी रिटेलरला मनातल्या मनात काय काय बोललो होतो. खेळ संपल्यावर ग्राहकांची मागणी दाखवतात. ती आठवड्याला ४ क्रेटवरून एकदाच ८ झाली होती आणि तिथेच राहिली होती. बस्स. चाबकाची मूठ जरा हलली की टोक किती सटकतं ते त्या दिवशी कळलं. एमआयटीचे प्राध्यापक फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये हेच मांडलं, आणि परचेसमध्ये तुम्ही ते रोज बघता, फक्त तिथे त्याला 'मार्केट बिघडलंय' म्हणतात.

कंपन्या मानतात का? पहिल्या चाळणीला एचआर बघतं ते मान्यता. संस्थेला एएसीएसबी, इक्विस किंवा अँबा या आंतरराष्ट्रीय मान्यतांपैकी काही आहे का ते बघा, आणि त्याहून आधी, तुम्ही जिथे नोकरी करणार तिथल्या कायद्यानं ती पदवी धरली जाते का ते बघा. सर्टिफिकेटवर 'ऑनलाइन' छापतात का हेही ॲडमिशनच्या आधी लेखी विचारा. चाळणीतून पुढे गेलात की मुलाखतीत मला कुणी कॉलेज विचारलं नाही. त्या सीलची गोष्ट दोनदा सांगितली, दोन्ही वेळा पुढे बोलावलं. तरी कन्सल्टिंगमध्ये उडी मारायची असेल तर ऑनलाइनवर विसंबू नका. तिथे कॉलेजचं नाव बघतात, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही.

सिलॅबस बघताना विषय मोजा. अनेक ठिकाणी सगळं सरसकट एमबीए असतं आणि शेवटी सप्लाय चेनचे दोन पेपर चिकटवलेले. फोरकास्टिंग, इन्व्हेंटरी, नेटवर्क डिझाइन, सोर्सिंग, ट्रान्सपोर्ट हे वेगवेगळे नसतील तर फी नुसत्या नावाची आहे. पदवीचा आग्रह नसेल, नुसतं शिकायचं असेल, तर एमआयटीचं सप्लाय चेनचं मायक्रोमास्टर्स बघा. पाच कोर्स, शेवटी एक मोठी परीक्षा, आणि गणित तिथे घाम काढतं. प्लॅनिंगमध्ये जायचं असेल तर एएससीएम या सप्लाय चेनच्या संघटनेचं सीपीआयएम हे सर्टिफिकेट आहे. मी पदवी का घेतली? प्रमोशनच्या फॉर्मवर 'पदव्युत्तर' असा रकाना होता आणि मला तो रिकामा सोडायचा कंटाळा आला होता.

गणिताचं म्हणाल तर स्टँडर्ड डेव्हिएशन, नॉर्मल डिस्ट्रिब्युशन आणि एक्सेलच्या सॉल्व्हरमधलं लिनिअर प्रोग्रॅमिंग, एवढ्यावर बरंच निभतं. कॉमर्सवाल्यांना उलट वर्किंग कॅपिटल आयतं कळतं, आमच्या इंजिनिअर मंडळींना ते शिकवावं लागायचं. वेळ मात्र आठवड्याला बारा-पंधरा तास धरा. मी एक सत्र मध्येच सोडलं होतं, वर्ष-अखेरच्या स्टॉकटेकिंगमुळे.

वरच्या हिशेबात दोन गोष्टी मी सोयीनं गिळल्या, त्या सांगतो. ९५ टक्के म्हणजे वीस फेऱ्यांत एकदा माल संपणार हे कबूल करणं. लाइन थांबवणाऱ्या आयटमला ते परवडत नाही, आम्ही नंतर ९९ टक्के धरले, झेड २.३३, सेफ्टी स्टॉक ४७५. आणि पंधरा खेपांवरून काढलेला सिग्मा म्हणजे अंदाजच, त्यात उशीर हा नॉर्मल डिस्ट्रिब्युशनसारखा दोन्हीकडे सारखा पसरत नाही. माल लवकर येतो तो एखाद-दोन दिवस, उशिरा येतो तेव्हा त्याला धरबंध नसतो. २३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन हे कंटेनरचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, सहा दिवस वाट बंद. साहेब तेव्हा रिटायर झालेले. त्यांचा फोन आला, "काय म्हणतो तुझा सिग्मा?" आमची बेअरिंग मागच्या जहाजावर होती. तेव्हा जास्तीचा माल असता तर बरं झालं असतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

फीबद्दल माझं मत धरू नका, कारण माझी निम्मी फी कंपनीनं भरली होती. त्या अर्जावर शिफारशीची सही साहेबांचीच होती, तेही खरं. तुमच्याकडे अशी सोय असेल तर आधी एचआरला गाठा, आणि बाँड (नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा, तो ॲडमिशनपासून मोजणार की पदवी हातात पडल्यापासून, ते लेखी घ्या. मी विचारलं नाही, आणि माझा पदवीपासून मोजला.